सोलापूर परिसरातले टोइंगवाले : बरे-वाईट अनुभव इथे लिहा

शेळगीकर

सोलापूरहून कुठंही निघा, गाडी महामार्गालाच लागते. पुणे-हैदराबादचा ६५, तुळजापूरकडून येऊन विजापूरला जाणारा ५२, मंगळवेढा-सांगलीचा १६६, शिवाय अक्कलकोटचा रस्ता. रस्ते चांगले झाले, वेग वाढला. पण गाडी बंद पडली की पुढचं गाव येईपर्यंत टेकायला झाडही नसतं, आणि मे महिन्यात आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. अशा वेळी ज्याच्या हाती आपण गाडी आणि पुष्कळदा घरची माणसंही सोपवतो, त्याच्याबद्दल आपल्याला काडीची माहिती नसते. गॅरेज आपण चार जणांना विचारून ठरवतो. टोइंगवाला मात्र जो नंबर पहिला लागेल तो.

म्हणून हा धागा. अनुभव चांगला असेल तर तोही तेवढ्याच विस्ताराने लिहा, कारण वाईट अनुभव लोक आपणहून सांगत फिरतात आणि चांगलं काम करणाऱ्याचं कुणी नाव घेत नाही. तरीही इथे माणसांची नावं, नंबर टाकू नका. रस्ता, गाडीचा प्रकार, दर कसा ठरला, गाडी कशी उचलली, कुठं नेली, एवढं कळलं तरी दुसऱ्याला उपयोग होतो. नो पार्किंगमधून उचललेल्या दुचाक्या हा वेगळा विषय आहे. त्याचा राग इथे नको.

माझे दोन सांगतो.

पहिला लांबोटीजवळचा. रात्री पुण्याहून येताना टायमिंग बेल्ट तुटला. डिझेल गाडी, इंजिन जागेवर बंद. आई-वडील बरोबर. मोहोळहून एक फ्लॅटबेडवाला आला, म्हणजे गाडी अख्खी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक घेऊन. त्यानं आल्या आल्या गाडीला हात लावला नाही. आधी स्वतःचा ट्रक माझ्या गाडीच्या मागे, बऱ्याच अंतरावर, दिवे चालू ठेवून उभा केला. मग आई-वडिलांना रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याच्या पलीकडे नेऊन बसवलं. म्हणाला, ‘मालक, गाडीत बसू देऊ नका कुणाला. मागून कुणी ठोकलं तर आधी आतली माणसं जातात.’ नंतर मोबाइलवर गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि मलाही काढायला लावले, म्हणजे कुठला ओरखडा आधीचा आणि कुठला चढवताना पडला याचा वाद नको. पैसे फोनवर सांगितले होते तेवढेच घेतले. रात्रीचे म्हणून जास्त मागितले नाहीत. रात्रीचा दर त्यात धरलाच आहे, असं फोनवरच बोलला होता.

दुसरा हैदराबाद रोडवर बोरामणीच्या अलीकडचा. क्लच गेला होता. फोनवर दर विचारला तर ‘येतो की मालक, पैशाचं काय, बघू की’. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हेच. आला, पुढची चाकं उचलली आणि मग आकडा सांगितला. बाजारात जो दर चालतो त्याच्या जवळजवळ तिप्पट. नको म्हटलं तर उचलल्याचे पैसे द्या आणि उतरवून घ्या. वर माझं गॅरेज सात रस्त्याकडे असताना ‘तिकडं आता बंद असतंय’ म्हणून गाडी परस्पर आपल्या ओळखीच्या गॅरेजवर. तिथून सोडवायला पुन्हा ‘जागाभाडं’. एकच वाक्य फोनवर स्पष्ट झालं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. ते वाक्य त्यानं मुद्दाम टाळलं, असं माझं ठाम मत आहे.

---

जुळे_सोलापूरची

धागा काढल्याबद्दल आभार. हा विषय पुरुष वेगळ्या नजरेने बघतात आणि बाई वेगळ्या. मला दराची काळजी नंतर वाटली. आधी वाटली ती अनोळखी माणसाच्या केबिनमध्ये बसून अंधारात जायची.

विजापूरहून येत होते, मुलगा बरोबर, लहान आहे. टाकळीचा भीमेवरचा पूल ओलांडून थोडं पुढे आल्यावर खड्ड्यात दोन्ही डाव्या बाजूची टायरं गेली. स्टेपनी एकच. नवऱ्यानं सोलापुरातून फोन करून एक गाडी पाठवली. त्या ड्रायव्हरनं निघायच्या आधीच न मागता स्वतःच्या लायसनचा आणि गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो मला आणि नवऱ्याला दोघांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मग त्याच्या बायकोनं मला फोन केला! ‘ताई, आमचे मालक येलालेत, घाबरू नका, मी मधनं मधनं फोन करते.’ आणि खरंच केले.

आल्यावर म्हणाला, केबिनमध्ये बसायचं नसेल तर जवळच्या ढाब्यावर बसा, तिथं बायकामाणसं आहेत, घरचं कुणी येऊ दे, मी गाडी चढवून थांबतो. थांबण्याचे पैसे लागणार नाहीत असंही आधीच सांगितलं. नवरा येईपर्यंत थांबला. मुलाला पाण्याची बाटली आणि बिस्किटं दिली, त्याचे पैसे घेईना.

सगळ्या टोइंगवाल्यांनी हे एक करावं असं मला फार वाटतं. लायसन आणि नंबरप्लेटचा फोटो आधी पाठवायचा. त्याला पैसा लागत नाही. आणि समोर बाई एकटी असेल तर तिला मागायला लावू नये, आपणहून पाठवावा.

---

सात_रस्ता

वरच्या प्रतिसादाला हजारदा अनुमोदन. बायकोनं फोन करणं ही गोष्ट फार मोठी आहे.

---

एमएच_तेरा

माझा अनुभव वाईट आहे आणि महागात पडलेला आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी लक्ष देऊन वाचा.

गाडी ऑटोमॅटिक, पुढच्या चाकांना ताकद असलेली. तुळजापूर घाटाच्या खाली बंद पडली. फोनवर मी स्वच्छ सांगितलं, फ्लॅटबेडच पाहिजे. होय म्हणाले. आली ती हुकाची जुनी क्रेन. मी नको म्हणत होतो, तो म्हणे ‘न्यूट्रलला टाका, काही होत नाही, रोज नेतो’. मागची चाकं उचलून, म्हणजे नेमकी उलट्या बाजूने, पुढची चाकं रस्त्यावर फिरवत आणली. मी खाली उतरवायला सांगितलं तोवर बरंच अंतर झालं होतं. गिअरबॉक्स गेला. गॅरेजवाल्यानं तेल काढून दाखवलं, काळं आणि जळका वास.

कारण असं. ऑटोमॅटिक किंवा सीव्हीटी (तोही ऑटोमॅटिकचाच एक प्रकार) गिअरबॉक्समध्ये आतल्या भागांना तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, पंप बंद. चाकं मात्र रस्त्यावर फिरत राहतात, ती आतले भाग फिरवतात आणि ते कोरडे घासतात. न्यूट्रलला टाकल्यानं हे थांबत नाही. एएमटी वेगळी. ती मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असते, क्लच आणि गिअर टाकायचं काम फक्त यंत्र करतं. गाडीवर ‘ऑटो’ लिहिलंय म्हणजे सगळ्या सारख्या, असं नाही. चारी चाकांना ताकद असलेली गाडी आणि इलेक्ट्रिक गाडी मात्र सरळ फ्लॅटबेडवर. इलेक्ट्रिकमध्ये चाकाबरोबर मोटर फिरते आणि फिरली की वीज तयार करते, बंद गाडीत ती वीज नको तिथं जाते.

फ्लॅटबेड नसेलच मिळत तर ज्या चाकांना ताकद आहे ती उचललेली पाहिजेत. पुढची ताकद तर पुढची चाकं वर. एवढं तरी ज्याचा धंदा आहे त्याला माहीत असायला नको का? मला राग नुकसानीचा आहेच, त्याहून जास्त ‘रोज नेतो’ या उत्तराचा आहे.

---

काळी_माती

@एमएच_तेरा, गाडी ‘पार्क’ गिअरमध्ये अडकली आणि बॅटरी गेली असेल तर गिअरचा लिव्हर हलतच नाही. मग फ्लॅटबेडवर तरी कशी चढवणार?

---

एमएच_तेरा

लिव्हरच्या बाजूला बहुतेक गाड्यांत एक छोटं झाकण असतं. ते उचकटलं की आत एक बटण किंवा खाच असते. तिथं किल्ली किंवा स्क्रू ड्रायव्हर दाबून लिव्हर न्यूट्रलला येतो. गाडीच्या पुस्तकात चित्र असतं. हे करताना हँडब्रेक ओढलेला हवा, नाहीतर उतारावर गाडी सुटेल.

आणि टो हुक! जॅकच्या पिशवीत किंवा स्टेपनीपाशी ठेवलेला असतो. बंपरवर छोटं झाकण दिसेल, त्याच्या आत आटे. तिथं हुक फिरवून बसवायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात. हा हुक असताना काही लोक साखळी सरळ खालच्या सस्पेन्शनच्या दांड्याला अडकवतात आणि ओढतात. दांडा वाकतो, मग अलाइनमेंट कधीच बसत नाही. हुक लावून बघा, न सापडल्यास त्यांना पट्टा टायरला बांधायला सांगा.

---

मोडनिंबकर

१०३३ बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून विचारतो. फोन केला तर क्रेन फुकट येते का, आणि गॅरेजपर्यंत नेतात का? टोलच्या पावतीवर तो नंबर बघितलाय, कधी लावला नाही.

---

पाकणी_फाटा

मी लावलाय, सावळेश्वर टोलच्या हद्दीत. अनुभव चांगला. १०३३ ही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची चोवीस तासांची हेल्पलाइन. गस्तीची गाडी आली, मागे नारिंगी शंकू लावले, मग क्रेन आली. एक पैसा मागितला नाही. पण त्यांचं काम रस्ता मोकळा करण्याचं. चालत्या लेनमधून गाडी काढून सुरक्षित जागी लावून देतात. तिथून गॅरेजला न्यायचं आपलं आपण बघायचं. हे लोकांना माहीत नसतं आणि मग त्या पोरांवर ओरडतात. माझ्यासमोर एक गृहस्थ ओरडले. ते बिचारं पोरगं भर उन्हात उभं राहून वाहतूक वळवत होतं.

फोनवर जागा सांगताना ‘मोहोळच्या पुढे’ असं सांगू नका. रस्त्याकडेला किलोमीटरचे दगड आणि छोट्या पाट्या असतात, त्यावरचा आकडा वाचून सांगा आणि तुमचं तोंड कुठल्या शहराकडे आहे ते सांगा. मधला दुभाजक असल्यानं चुकीच्या बाजूनं आलेली क्रेन फार लांबून वळसा घालून येते.

---

विमावाला_काका

सर्वसमावेशक पॉलिसी असलेल्यांसाठी थोडं. अपघात झाला असेल तर गाडी जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्याचा वाजवी खर्च पॉलिसीतच धरलेला असतो. खासगी कारला १,५०० रुपयांपर्यंत, दुचाकीला ३०० रुपयांपर्यंत. रक्कम लहान आहे, पण पावती असेल तरच मिळते, आणि पावती मागायची कुणाला आठवत नाही. नुसती गाडी बंद पडली तर हे लागू नाही. त्यासाठी रोडसाइड असिस्टन्स वेगळं घ्यावं लागतं. त्यातही किती किलोमीटरपर्यंत फुकट, ते पॉलिसीच्या कागदावर बघून ठेवा. त्यापुढच्या किलोमीटरचे पैसे कोण कुणाला देणार हे जागेवर ड्रायव्हरशी वाद घालून सुटत नाही, कारण तो कंपनीचा नोकर नसतो, इथलाच कुणीतरी ठरावीक रकमेवर बोलावलेला असतो.

---

साखळी_पट्टा

नमस्कार मंडळी. मी स्वतः हेच काम करतो म्हणून लिहलालोय. वडील पूर्व भागात यंत्रमागावर होते. मी आधी दुसऱ्याच्या क्रेनवर क्लीनर, मग ड्रायव्हर, आता कर्जावर स्वतःची फ्लॅटबेड आहे. सगळं वाचलं. वाईट वाटलं, पण खोटं कुणी लिहिलेलं नाही. ‘बघू की पैशाचं’ म्हणणारे आहेत. मी त्यांना ओळखतो.

आता आमची बाजू पण ऐका.

दर जास्त का वाटतो? तुमची गाडी ३५ किलोमीटर आणायची असते, मला मोहोळला रिकामं जावं लागतं. डिझेल दोन्हीकडचं. म्हणून मी फोनवरच सांगतो, जाऊन-येऊन किलोमीटर धरणार, टोल तुमचा, चढवायला विंच (दोरी गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र) लागला तर त्याचे एवढे, रात्री दहानंतर एवढे. हे सांगितल्यावर निम्मे लोक ‘बघतो’ म्हणून ठेवतात आणि कमी सांगणाऱ्याला बोलावतात. तो जागेवर वाढवतो. मग टोइंगवाले चोर.

दुसरं, लोक चार जणांना बोलावतात. जो आधी पोचेल त्याची गाडी, बाकीच्यांना फोन पण करत नाहीत. मी माढ्यापर्यंत जाऊन रिकामा परत आलोय. आता मी थोडे पैसे आधी ऑनलाइन घेतो. त्यात फसवणूक नाही मालक, डिझेलचे असतात.

रोडसाइडच्या कंपन्यांचं काम मी पण घेतो. पैसे फार उशिरा येतात. तरी घेतो, कारण गाडी रोज फिरली पाहिजे, हप्ता थांबत नाही.

आणि जीवाचं. पट्टा बांधायला चाकाशी वाकलं की पाठ रस्त्याकडं असते. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या, मागं एक लाल दिवा नाही. त्यातनं गाड्या शंभरच्या वर चाललेल्या. आमच्या ओळखीचा एक पोरगा असाच गेला. शेळगीकर सरांनी लिहिलंय ना, त्या माणसानं आधी ट्रक मागं लावला? ते त्यानं तुमच्यासाठी केलं आणि स्वतःसाठी पण. तुम्ही एक करा. धोक्याचा लाल त्रिकोण ठेवा, पण गाडीला चिकटून नको, बऱ्याच मागं ठेवा. आणि आम्ही काम करत असताना आमच्या पाठीमागं उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढू नका. फोटो काढायचे तर कठड्यापलीकडनं काढा.

अपघातात मी आधी पैशाचं बोलत नाही. माणसं आत असली तर आधी १०८ ला आणि ११२ ला फोन, मग दरवाजा. माझ्या गुरूनं हेच शिकवलं.

---

शेळगीकर

@साखळी_पट्टा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं. एक सरळ प्रश्न विचारतो, राग मानू नका. गॅरेजवाल्याकडून कमिशन मिळतं का?

---

साखळी_पट्टा

मिळतं. लपवून काय करू. काही गॅरेजवाले गाडीमागं देतात, मोठा अपघात असला तर बरंच देतात, कारण विम्याचं बिल मोठं होतं. म्हणूनच ‘तिकडं बंद असतंय’ ऐकायला मिळतं. मी पूर्वी दुसऱ्याच्या क्रेनवर असताना मालक सांगेल तिथं नेत होतो. आता माझी गाडी आहे, गिऱ्हाईक म्हणेल तिथं नेतो. कुणी म्हणालं ‘मला माहीत नाही, तुम्हीच सुचवा’, तर तीन ठिकाणं सांगतो आणि निवड त्यांच्यावर सोडतो. गॅरेज रात्री बंद असलं तर गाडी तुमच्या घरासमोर उतरवायला सांगा. सकाळी तिथनं न्यायला दुसरी फेरी पडते, पैसे जातात, पण जागाभाड्याचं लचांड राहत नाही.

---

बार्शीकर

साखळी_पट्टा यांच्याबद्दल आदर ठेवून लिहितो, पण अपघातातला प्रकार इतका साधा नाही. टेंभुर्णीजवळ आमच्या मेहुण्यांच्या गाडीला अपघात झाला. ते शुद्धीत नव्हते, बहिणीचा हात मोडलेला. अँब्युलन्स निघून गेल्यावर एका क्रेननं गाडी उचलली. कुणी सांगितलं, कुठं नेली, काही पत्ता नाही. आम्ही दवाखान्यात. पुढे गाडी एका यार्डात सापडली. उचलल्याचे, ठेवल्याचे, राखणीचे मिळून एवढी रक्कम मागितली की जुन्या गाडीची किंमत तेवढी झाली नसती. आतला लॅपटॉप नव्हता. बहिणीची पर्स नव्हती. त्या पर्समध्ये तिच्या औषधांचे कागद होते. पैसे गेले याचं दुःख नाही. ज्या घरात माणूस मरतोय की जगतोय हे कळत नाही, त्या घराच्या सामानावर हात टाकायचा, याला मी काय म्हणू?

अशा माणसाला धंद्यातल्याच लोकांनी उघडं पाडलं पाहिजे. गिऱ्हाईक एकदाच भेटतं, ते काही करू शकत नाही. तुम्ही त्यांना ओळखता असं तुम्हीच लिहिलंय.

---

साखळी_पट्टा

बार्शीकर साहेब, मान खाली गेली वाचून. आमच्यात संघटना अशी नाही. पण तुमचं बरोबर आहे, आम्ही ओळखतो आणि गप्प बसतो, कारण उद्या माझी गाडी पंक्चर झाली तर तोच मदतीला येतो. एवढंच सांगतो, अपघातातली गाडी चढवताना मी आतलं सामान एका पोत्यात भरतो, तिथं असलेल्या पोलिसासमोर किंवा गावातल्या दोघांसमोर. व्हिडिओ काढतो आणि ठाण्यात देतो. सोनं-बिनं दिसलं तर हात लावत नाही, पोलिसालाच काढायला सांगतो.

---

चौपाडचे_वकील

कायद्याचं थोडं, कारण वर दोन गोष्टी मिसळल्यात.

अपघातात कुणी जखमी असेल तर गाडीचा पंचनामा आणि परिवहन विभागाच्या निरीक्षकाकडून तपासणी होते. मोटार वाहन कायद्याचं कलम १३६ त्याबद्दल आहे. तपासणीसाठी गाडी हलवली तर कुठं नेली हे मालकाला कळवलं पाहिजे, असं त्याच कलमात आहे. त्यामुळे बार्शीकरांनी वर्णन केलंय तसं घडलं तर पहिला प्रश्न यार्डवाल्याला विचारू नका. ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथं जाऊन गाडी कुणाच्या सांगण्यावरून हलवली, ते लेखी विचारा. खासगी माणसानं पोलिसांना न सांगता उचलली असेल तर ‘जागाभाडं’ कुठल्या हक्कानं मागतो, हा प्रश्न उरतोच. सामान गहाळ झालं असेल तर त्याची तक्रार वेगळी द्या, अपघाताच्या कागदात गुंडाळू देऊ नका.

दुसरं, साखळी_पट्टा यांच्यासारख्या लोकांसाठी. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४अ आलं. अपघातग्रस्ताला सद्हेतूनं मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याच्यावर स्वतःचं नाव-पत्ता देण्याची सक्तीही करता येत नाही. हे क्रेनच्या केबिनमध्ये छापून चिकटवा.

आणि दोरीनं ओढून नेणाऱ्यांसाठी, म्हणजे आपलं टोचन. दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. मागच्या गाडीत स्टेअरिंगवर लायसनवाला माणूस पाहिजे. दोरी लांबून दिसेल अशी पाहिजे. मागच्या गाडीचं इंजिन बंद असलं की ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही जड होतात. घाटात टोचन म्हणजे जीवाशी खेळ. तुळजापूर घाटात हे रोज दिसतं.

---

काळी_माती

कारवाल्यांचंच चाललंय म्हणून दुचाकीचं सांगतो. अक्कलकोटहून दर्शन करून येताना वळसंगच्या जवळ गाडीचा पट्टा तुटला. दुपारची वेळ, बायकोला चक्कर यायला लागली. एक छोटा हत्तीवाला रिकामा चालला होता, मार्केट यार्डात कांदा उतरवून परत. थांबला. गाडी मागे घातली, जुन्या पोत्यांचा थर टाकला, बाजूनं दोरी बांधली, बायकोला पुढे बसवलं. होटगी रोडपर्यंत आणलं. किती द्यायचे विचारलं तर ‘डिझेलला काय वाटेल ते द्या अण्णा’. मी दिले, त्यातले थोडे परत केले, म्हणाला हे जास्त झाले.

हा टोइंगवाला नव्हता हे खरं. तरी सोलापूरच्या रस्त्यावर अशी माणसं आहेत आणि या धाग्यात त्यांचीही नोंद पाहिजे, म्हणून लिहिलं.

---

पाकणी_फाटा

@काळी_माती, वळसंगच्या बाजूला असाच माणूस आम्हालाही भेटला होता, ट्रॅक्टरवाला. त्यानं तर घरी नेऊन ताक दिलं.

---

मोडनिंबकर

पाण्यात अडकलेल्या गाडीचं कुणाला माहीत आहे का? सप्टेंबरात आमच्याकडे ओढ्यावर पाणी आलं की हमखास एखादी गाडी अडकते.

---

साखळी_पट्टा

पाण्यात बंद पडली की परत सेल्फ मारू नका, हे पहिलं. इंजिनात पाणी गेलेलं असलं आणि फिरवलं तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद राहिली तर स्वस्तात सुटते, फिरवली तर इंजिन उघडावं लागतं. काढताना मी आधी गाडी विंचनं हळूहळू मागं, ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं ओढतो, पुढं काय आहे ते पाण्यात दिसत नाही म्हणून. पाणी वाहतं असलं आणि गुडघ्याच्या वर असलं तर मी उतरत नाही. कितीही पैसे द्या. गाडीचा विमा असतो.

---

वैरागची_लेक

दोन दिवस वाचतेय. @साखळी_पट्टा दादा, एक काम आहे. माझ्या वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी वैरागला वाड्यात उभी आहे. वडील गेल्यापासून हललेली नाही. सोलापुरात एक मिस्त्री ती चालू करून द्यायला तयार आहेत. आधी एकानं सांगितलं की भंगारात द्या, न्यायचा खर्च गाडीपेक्षा जास्त होईल. मला ती भंगारात द्यायची नाही. नेता येईल का? गल्ली अरुंद आहे.

---

साखळी_पट्टा

येईल की ताई. चार गोष्टी बघून सांगा. टायरमध्ये हवा धरते का? नसेल धरत तर मी चाकाखाली घालायच्या छोट्या ट्रॉल्या आणतो. स्टेअरिंग फिरतं का? हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर मागचे ब्रेक गंजून धरलेले असणार, जोर लावून ढकलू नका, मी आल्यावर सोडवतो. आणि वाड्याच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा एक व्हिडिओ व्यनित (खासगी निरोपात) पाठवा, वळणं दिसली पाहिजेत. गल्लीत ट्रक शिरणार नाही, विंचची दोरी लांब सोडून बाहेर ओढू. ढकलायला गावातली तीन-चार पोरं लागतील.

पैसे इथंच सांगतो, सगळ्यांसमोर. सोलापूर-वैराग जाऊन-येऊन आणि वाड्यातून काढायचं धरून ५,५००. ट्रॉल्या लागल्या तरी तेवढेच. दिवसा येणार. जुनी गाडी आहे, पत्रा कुठं कुजला असेल तर पट्टा तिथं लावणार नाही, म्हणून चढवायच्या आधी खालनं बघायला अर्धा तास लागेल. गाडीवर टाकायला जुनं पांघरूण असलं तर काढून ठेवा, काचेच्या रबराचा भरवसा नसतो, रस्त्यात धूळ आत जाते.

---

वैरागची_लेक

हवा धरत नाही. स्टेअरिंग फिरतंय. हँडब्रेक ओढलेलाच आहे, बाबा नेहमी ओढून ठेवायचे. व्हिडिओ पाठवलाय. रविवारी आलात तर भाऊ आणि त्याचे मित्र घरी असतील.

---

साखळी_पट्टा

बघितला. दुसऱ्या वळणावर जो दगडी कट्टा आहे तिथं जरा अवघड आहे, बाकी ठीक. रविवारी सकाळी सातला निघतो. निघताना लायसन आणि नंबरप्लेटचा फोटो पाठवतो.